पायाळू

परवा हरभरा उपटताना पाठीत चमक भरली. वाकले ती वाकलेलीच राहिले. सुनेनं बाम चोळला, गरम विटेनं शेकलं, तरी श्वास घेतला की कळ यायची. आमच्या लहानपणी अशा वेळी औषधाचं नाव कुणी काढत नसे. उंबऱ्यात पालथं पडायचं आणि पायाळू माणसानं पाठीवर हलकी लाथ मारायची. पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायानं आलेला. आमच्या घरी तो घरचाच होता, माझा धाकटा भाऊ. जन्म १९६२ चा. शेजारपाजारची माणसं कंबर धरून आमच्या दारात यायची आणि गोट्या खेळणाऱ्या त्या पोराला ओढून आणायची. वीज कडाडली की आजी त्याला घरात कोंडायची, कारण पायाळूवर वीज पडते. विहिरीची जागा बघायलाही त्याला न्यायचे, तळहातावर नारळ ठेवून. त्यानं दाखवलेल्या चार जागांपैकी एकीला पाणी लागलं. बोलबाला त्या एकीचाच झाला.

भाऊ आता पुण्याला लेकाकडं असतो. सून म्हणाली, "आत्याबाई, गावात दुसरं कोण हाय का इचारू का?" तिनं गल्लीत विचारलं. म्हाताऱ्यांत दोघं निघाले, त्यातला एक अंथरुणाला खिळलेला. पंचविशीच्या आतला एकही नाही.

पाठीची कळ तशीच, पण डोक्यात हे बसलं. पोटातली पोरं उलटी बसायची काही थांबलेली नाहीत. दिवस भरताना शंभरात तीन-चार अशी असतातच. फक्त ती आता पायानं येत नाहीत, वरनं काढतात. २००० साली सव्वीस देशांतल्या दोन हजारांवर बायांचा एक अभ्यास निघाला. पायाळू मुलासाठी आधीच ठरवून केलेलं सिझर बाळाला जास्त सुखरूप, असं त्यात दिसलं. त्यावर पुढं वाद झाले, पण जगभर डॉक्टरांनी तोच रस्ता धरला. असं बाळंतपण खालून करायची सवय असलेले हात कमी होत गेले. गावातला पायाळू संपला तो असा.

मी सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावातलं प्रत्येक बाळ माझ्या रजिस्टरात वजनासकट आलं. सुरुवातीच्या रजिस्टरांत जन्माच्या जागी "घरी" असं लिहिलेलं आहे, पानंच्या पानं. मग सरकारी दवाखाना आला, मग तालुक्याच्या गावचे खाजगी दवाखाने आले. "नॉर्मल" आणि "सिझर" हे दोन शब्द तर आमच्या बायांच्या तोंडी असे बसले की लेक बाळंत झाल्याची बातमी आली तर मुलगा की मुलगी याच्या पाठोपाठ तेच विचारतात. कुणाचं सिझर झालं म्हटलं की आता कुणी दचकत नाही. मी अजून दचकते, आणि त्याला कारण आहे.

आजी सुईणपण करायची. पैसे घेत नसे. पायलीभर जोंधळे, एखादं चोळीचं खण, पाचवीचं ताट. भावाच्या जन्माची गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. आधी बूड दिसलं तेव्हा थोरली चुलती ओढायला पुढं झाली. आजीनं तिच्या हातावर चापट मारली. "वढू नगं. त्येचं त्येला येऊ दे. वढलं की हात वर जात्यात नि मुंडकं अडकतंय." आणि ती नुसती बसून राहिली. पुढं अंगणवाडीच्या प्रशिक्षणात एका डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं, तेव्हा मला भर वर्गात आजी आठवली. गळ्याला नाळेचा वेढा असला तर आजी तो बोटानं सैल करायची आणि माळ काढावी तसा डोक्यावरून काढायची. "माळकरी हाय गं," म्हणायची.

पण आजीचं कौतुक मला जपूनच केलं पाहिजे. आमच्या आईला सात झाली, जगलो चौघं. नाळ कापायचा विळा आजी कधी जाळावर धरायची, कधी विसरायची. आठ-दहा दिवसांत ताठ होऊन गेलेली पोरं मी पाहिली आहेत. तो धनुर्वात होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. सटवाईच्या नावावर आम्ही काय काय खपवलं त्याला हिशेब नाही.

आणि काकू. १९७२ चा दुष्काळ. धाकटी काकू दिवस भरत आले तरी खडी फोडायला जात होती. रात्री कळा सुरू झाल्या. उजाडताना बाळाचा हात बाहेर आला. नुसता हात. आजीनं तो बघितला आणि ती मागं सरली. आयुष्यात तिला मागं सरताना मी तेवढंच पाहिलं. "आडवं हाय," म्हणाली, "ह्ये माझ्या हातचं न्हाई. गाडी जुपा."

बैल हाडाला लागलेले. डांबरी सडक गाठायची, तिथनं मिळेल त्या गाडीनं साताऱ्याला जायचं, असं ठरलं. काकूचा थोरला दोन वर्षांचा. तो तिला सोडेना म्हणून त्याला घेऊन मलाही गाडीत बसवलं. मी बारा वर्षांची. पुढचं थोडक्यात सांगते. सडक लागायच्या आत काकू गेली. वाटेत लुगडं सरकलं की तो एवढासा हात दिसायचा. आधी लाल होता, मग निळा झाला. पोराला दिसू नये म्हणून मी त्याचं तोंड माझ्या छातीशी धरून ठेवलं होतं.

म्हणून कुणी सभेत उभं राहून "पूर्वी कुठं होती सिझरं? तरी आपण जन्मलोच ना?" असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. आपण जन्मलो. जे नाही जन्मले ते सभेला येत नाहीत.

आता माझ्या लेकीचं सांगते. २०११ साल. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं सगळी जबाबदारी माझ्यावर. गावोगाव "दवाखान्यातच बाळंत व्हा" म्हणून सांगत फिरणारी मीच. जननी सुरक्षा योजनेचे सातशे रुपये मिळतात म्हणून कितीजणींचे कागद मी भरून दिलेले. लेकीला मात्र मी सरकारी दवाखान्यात नेलं नाही. तिथं भूल देणारे डॉक्टर नेमलेलेच नव्हते, आणि जावयाच्या घरचे म्हणतील काय, हेही मनात होतंच. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात रात्री नऊला दाखल केलं. कळा चांगल्या येत होत्या. जावई मुंबईहून निघालेले, पोचायला सकाळ होणार.

दोनच्या सुमाराला सिस्टर बाहेर आली. "गळ्याला नाळेचे वेढे आहेत. ठोके खाली येतायत. सिझर करावं लागेल. भूलवाले दुसऱ्या केससाठी आलेत, ते निघायच्या आत सांगा." हातात कागद दिला. कागद इंग्रजीत.

मी विचारलं, "थांबलं तर?"

"मग आमची जबाबदारी नाही."

मी आत गेले. लेक घामानं भिजलेली, पण शुद्धीवर, डोळे लख्ख. माझ्या हातातला कागद तिनं बघितला. "आई, मला जमतंय गं. वाईच थांबा की."

मी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले, बाहेर आले आणि सही केली.

अर्ध्या-पाऊण तासानं नात झाली. दोन किलो नऊशे. बाहेर ऐकू येईल एवढी रडली. डॉक्टर म्हणाले, दोन वेढे होते, वेळेत केलं म्हणून बरं. मी त्यांचे हात हातात धरले. बिल सव्वीस हजार झालं. दोन शेरडं गेली, थोडे उसने घेतले. आम्ही सगळ्या दवाखान्याला पेढे वाटले.

त्यानंतर किती रात्री मी हा हिशेब मांडला असेल. वेळेत केलं म्हणून नात वाचली असेल. किंवा काही धोकाच नसेल, आणि म्हणून वाचली असेल. दोन्हीकडं बाळ तसंच रडलं असतं आणि पेढेही तेच वाटले असते. गळ्याला वेढा असणं तर अगदी नेहमीचं, चार-पाच बाळांत एकाला असतोच, आणि बहुतेक वेळा त्यानं काही बिघडत नाही. पण ठोके खरंच खाली येत असतील तर ते वेगळं. ते येत होते का? कागदाची पट्टी मला कुणी दाखवली नाही, आणि दाखवली असती तर मला कळली असती का? ज्या सिझरची गरज होती आणि ज्याची नव्हती, त्यांचा व्रण पोटावर एकसारखाच दिसतो.

एकीचं सांगता येत नाही, पण हजारोंचं सांगता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. देशात शंभर बाळंतपणांत साधारण साडेएकवीस सिझर. २००५-०६ ला हाच आकडा नऊच्याही आत होता. आपल्या महाराष्ट्रात पंचवीसवर. तेलंगणात साठ. आणि माझी बोटं जिथं थांबली तो आकडा असा, की सरकारी दवाखान्यात शंभरात चौदा आणि खाजगीत सत्तेचाळीस. उलट असतं तर समजलं असतं. गुंतागुंतीच्या गरीब बाया शेवटी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातच पाठवतात. बाईच्या कमरेचं हाड दवाखान्याचं दार बघून अरुंद होतं का?

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ साली ब्राझीलमधल्या बैठकीनंतर सांगितलं होतं की कुठल्याही भागात दहा-पंधरा टक्क्यांच्या वर सिझर असायचं कारण दिसत नाही. २०१५ साली त्यांनी ते जरा वेगळं मांडलं. प्रमाण दहाच्या वर गेलं म्हणून आया-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, पण आकडा गाठायच्या मागं लागू नका. जिला गरज आहे तिला ते मिळालं पाहिजे. मला हे दुसरं जास्त पटतं. कारण नंदुरबारकडच्या डोंगरात अजून अडलेल्या बाईला बांबूला झोळी बांधून सडकेपर्यंत आणावं लागतं. तिथं कुणीतरी माझ्या काकूच्याच गाडीत बसलेलं असतं. एकाच राज्यात एकीला सुरी मिळत नाही आणि दुसरीची सुटका नाही. मधला आकडा काढला तर दोघी मिळून ठीक दिसतील.

सगळं पैशावर ढकलून मोकळं व्हावं असं मलाही वाटायचं. पैसा आहेच, नॉर्मलचं बिल आणि सिझरचं बिल बाया तोंडपाठ सांगतात. पण लसीकरणाच्या दिवशी एक डॉक्टरीणबाई यायच्या. पूर्वी त्यांचं स्वतःचं छोटं प्रसूतिगृह होतं, ते बंद केलेलं. एकदा चहा घेताना मी त्यांना हे विचारलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, सिझर केलं म्हणून माझी काच कुणी फोडली नाही. थांबले म्हणून फोडली." बारा-बारा तास एका बाईजवळ बसायचं, दर अर्ध्या तासाला ठोके ऐकायचे, त्याला माणसं लागतात, दवाखान्यात त्या एकट्या आणि दोन शिकाऊ पोरी. भूलतज्ज्ञ साताऱ्याहून येणार, तो मिळेल तेव्हा. बाहेर नातेवाईक दर तासाला दार वाजवणार, "अजून किती वेळ? काय ते सिझर करून टाका की." वर कुणी भटजीकडनं वेळ काढून आणतो, सकाळी नऊ सत्तावीसच्या आत पाहिजे म्हणून. "मी थांबायला शिकले होते," त्या म्हणाल्या, "पण थांबायचं बिल करता येत नाही."

मी काही बोलले नाही. दार वाजवणाऱ्यांत मी नव्हते, पण सही तर माझीच होती.

आमचा भाचा कोर्टात वकिली करतो. घरगुती कार्यात विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तुझी सही तशी लागतच नव्हती." २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका बाईच्या खटल्यात निकाल दिला. ते बाळंतपण नव्हतं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईची गर्भपिशवी काढून टाकली होती, आणि त्याला संमती घेतली होती ती तिच्या आईची. न्यायालय म्हणालं, बाई सज्ञान आहे, तातडीनं जिवाला धोका नव्हता, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं आणि तिला विचारायचं. आईची संमती चालणार नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या खटल्यातली लेक बेशुद्ध होती. माझी शुद्धीवर होती आणि बोलत होती.

मी सही केली तेव्हा मला माझी लेक दिसतच नव्हती. मला तो निळा हात दिसत होता. एकोणचाळीस वर्षांपूर्वी जे करता आलं नाही ते मी त्या रात्री करून घेतलं, आणि लेकीच्या पोटावर करून घेतलं. हे वाईट झालं असं मी म्हणत नाही. नात समोर खेळते आहे, कुठल्या तोंडानं म्हणू? कुणी म्हणेल, जिवावर बेतलं असताना चर्चा कसल्या करता? खरं आहे. घर पेटल्यावर परवानगी मागत बसत नाहीत. पण घर पेटलंय की चुलीचा धूर आहे, हे मी विचारलं नाही. "ठोके किती होते, आता किती आहेत, कुशीवर वळवून बघितलं का, अर्धा तास थांबलं तर काय होईल" हे विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. दुसऱ्यांच्या लेकींना मी हेच शिकवायची. आणि पोरीकडं वळून "तुला काय वाटतं गं?" एवढं विचारायला तर तेवढीही नाहीत.

लेक याबद्दल बरीच वर्षं बोलली नाही. त्रास मात्र झाला. खाली बसताना टाके ओढायचे, महिना-दीड महिना पाण्याची कळशी उचलली नाही, आणि सासरी कुणीतरी म्हणालं, "हिला कळा कुठं सोसल्या?" पाच तास सोसल्या होत्या तिनं. त्या कुठल्या रजिस्टरात येत नाहीत.

२०१५ ला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिलं सिझर म्हणजे दुसरंही सिझरच, असं आमच्याकडं धरूनच चालतात. मूळ वाक्य १९१६ चं, क्रेगिन नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचं. आणि गंमत म्हणजे ते त्यांनी पहिलं सिझर जपून करा हे सांगायला म्हटलं होतं. त्यातलं मागचं राहिलं, पुढचं गळून गेलं. आता बऱ्याच जणींना दुसऱ्या वेळी नॉर्मलची वाट बघता येते, पण रक्त आणि ऑपरेशनची सोय हाताशी असलेल्या ठिकाणी. लेकीनं स्वतः शोधून साताऱ्यात डॉक्टर गाठले. ते तयारही झाले. मग नवव्या महिन्यात सोनोग्राफीत दिसलं, बाळ उलटं. पायाळू.

या वेळी मी बाकड्यावर बसून होते. लेकीनं कागद स्वतः वाचला. फिरवून बघता येईल का, विचारलं. आधीच्या टाक्यांमुळं धोका किती, विचारलं. तिसऱ्या खेपेला वार जुन्या व्रणावर चिकटली तर काय होतं, तेही विचारलं. डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सांगितलं. वीस मिनिटं गेली असतील. मग ती म्हणाली, "करा." आणि सही केली. पहिल्या आणि दुसऱ्या सिझरचा व्रण एकाच रेषेवर आहे, एकावर एक. पण दुसऱ्याबद्दल ती हसत बोलते. पहिल्याचा विषय निघाला की अजून उठून आत जाते.

एकदाच बोलली. भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता. "आई, त्या वेळी तू बरोबरच असशील. पर मला इचारायला पायजे हुतंस." मी हो म्हणाले. काकूचं तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

तर माझी पाठ. रविवारी लेक पोरांना घेऊन आली. नातू आता चांगला दांडगा झालाय. सून म्हणाली, "हा हाय की पायाळू!" शेजारची म्हातारी ओट्यावर होती, तिनं ताबडतोब मोडता घातला. "त्यो कसला पायाळू? त्यो काय पायानं आला व्हय? त्येला वरनं उचलून काढलाय." लेक म्हणाली, "न्हाई आजी, डॉक्टरांनी सांगितलंवतं. पोट उघडलं तवा आधी पायच काढलं." म्हातारी जरा विचारात पडली. असला प्रश्न तिच्यापुढं कधी आला नसावा. शेवटी म्हणाली, "मग मार म्हणावं. बगू तर."

मी उंबऱ्यात पालथी पडले. नातवानं चप्पल काढली, पाय उचलला आणि तसाच थांबला.

"आज्जी, मारू का?"

"मार," मी म्हटलं.